पहिली कात्री

माझी मुलगी फरंगीस चोवीस वर्षं माझ्या हातचे कपडे घालून वाढली, आणि तिच्या निकाहाच्या चादोरला पहिली कात्री लावायची वेळ आली तेव्हा मला चहा करायला आत पाठवण्यात आलं. कारण सगळ्या यझ्द शहराला माहीत आहे. माझा तलाक झालेला. मी त्याला सोडलं की त्यानं मला, याची चर्चा आमची गल्ली अजून करते.

शिवण मला कुणी शिकवली नाही. फरंगीस चार वर्षांची असताना मी तिला घेऊन आईच्या दोन खोल्यांत परत आले. तिथं एक हातानं फिरवायचं मशीन होतं. बाजारातले कपडे परवडत नव्हते, म्हणून मी मशीनपुढे बसले. पहिल्या फ्रॉकच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. पोरीला घातला तर ती एक खांदा पुढे काढून चालायला लागली, रस्त्यात कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी. उसवलं, पुन्हा शिवलं. त्या काळात मी जितकं शिवलं त्याच्या दुप्पट उसवलं असेन.

सगळ्यात मोठी फजिती झाली ती फरंगीस नऊ वर्षांची झाल्यावर. मुली नमाजाच्या वयात आल्या की शाळेत सोहळा असतो, सगळ्या पांढऱ्या फुलाफुलांच्या चादोरमध्ये रांगेत उभ्या राहतात. मी टाळूपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि खुशाल कापलं. पण चादोर काही टाळूवर थांबत नाही. ती पुढे कपाळावर येते, हनुवटीखाली मुठीत धरली की आणखी वर ओढली जाते. सोहळ्याच्या आदल्या दिवशी घालून पाहिली तर पोरीचे घोटे उघडे! घरात होतं त्या दुसऱ्याच कापडाची पट्टी मी घाईघाईनं खाली जोडली, आणि त्या पट्टीवरची फुलं निघाली उलटी, देठ वर आणि पाकळ्या खाली. तो फोटो अजून भिंतीवर आहे. "आई, यात मी दुमजली दिसते," असं फरंगीस पाहुण्यांसमोर हमखास सांगते.

तेव्हापासून माझा नियम झाला, की कापड गरजेपेक्षा एक वीत जास्त घ्यायचं. त्यावरून मी खूप बोलणी खाल्ली आहेत.

फरंगीसचं लग्न ठरलं तेव्हा मुलाचे वडील हजला निघाले होते. सुनेच्या निकाहाच्या चादोरचं कापड मक्केहून आणायचं त्यांनी ठरवलं. किती आणायचं हे विचारायला मुलाच्या आईचा, इफ्तेखार खानुमचा, मला फोन आला.

"साडेपाच मीटर," मी सांगितलं.

"साडेपाच? अहो तलअत खानुम, चादोर शिवताय की तंबू?"

"सव्वापाचात होईल. पण साडेपाच आणा."

"आणतील हो. उरलं तर आपण दोघी त्यात शिरू!" ती खळखळून हसली. इफ्तेखार खानुम वाईट बाई नाही. पण तिची जीभ चालू झाली की तिला थांबवणं तिच्या नवऱ्याला, हाजींनाही, जमलेलं नाही.

कापड आलं. पांढरं, अंगावर चांदीची बारीक फुलं, हातात धरलं तर पाण्यासारखं निसटणारं. हाजींनी ते काबेच्या भिंतीला लावून आणलं होतं. असं कापड दुसरं मिळणार नव्हतं.

मग कापड कापण्याचा दिवस ठरला. आमच्याकडे वधूच्या कापडाला पहिली कात्री लावायला घरात बायका जमतात, गोड वाटतात, नोकुल म्हणजे साखरेत घोळलेले बदाम उधळतात. आणि ती कात्री लावते सफेदबख्त, म्हणजे उजळ नशिबाची बाई: पहिलाच नवरा, तो जिवंत, पदरात मुलगे. मुलाची आत्या ताजमाह खानुम त्यात पहिल्या नंबरची. बेचाळीस वर्षांचा एकच संसार, पाच मुलगे, पाचही लग्न झालेले. तीस वर्षं त्यांच्या घरातल्या प्रत्येक वधूच्या कापडाला पहिली कात्री तिची. तिनं आयुष्यात शर्टाला बटणसुद्धा लावलेलं नव्हतं, पण ते कोण विचारतं!

मी सकाळीच कापडाची मधोमध घडी घालून ते मोठ्या खोलीत सतरंजीवर पसरलं. घडीची बाजू खिडकीकडे ठेवली आणि मोकळी टोकं दाराकडे. मोकळ्या टोकाच्या कोपऱ्यावर निळ्या खडूनं दोन बोटांची रेघ मारली. तो कोपरा पुढे चादोरचा गोल कापताना जाणारच असतो, तिथं कुणीही कात्री चालवली तरी बिघडत नाही. ताजमाह खानुमसाठी उशी ठेवली तीही बरोबर त्या रेघेसमोर. आठेक बायका जमल्या. मी कात्री रुमालात गुंडाळून आणली.

तेव्हा इफ्तेखार खानुम माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तलअतजान, तुम्ही तेवढं चहाचं बघता का?"

समोवार भरून तयार होता, कपबश्या मांडलेल्या होत्या. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तलाक झालेल्या बाईची नजर पहिल्या कात्रीवर पडू नये, एवढाच त्याचा अर्थ. फरंगीसनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली आणि रागही आला, अगदी कानशिलं तापली. पण इफ्तेखार खानुम इतक्या गोड आवाजात बोलली होती की भांडायला जागाच नव्हती. मी कात्री खाली ठेवली आणि आत गेले. आयुष्यातल्या चुका मोजायला बसले तर ही मी बाह्यांच्या वर धरीन.

आतून मला आवाज येत होते. सलवात, पैगंबरांसाठीची दुवा, म्हटली गेली. मग बायकांनी जिभा फिरवून किलकिलाट सुरू केला. मी कपात चहा ओतत होते. माझ्या कात्रीचा आवाज मी झोपेतही ओळखते. दोन बोटं कापलं की ती चक्‌ करते, एकदाच. त्या दिवशी ती कर्रर्र करत लांबवर गेली आणि बाहेरचा किलकिलाट मध्येच तुटला.

मी तशीच, हातात चहाचं तबक घेऊन, बाहेर आले.

झालं होतं ते असं. माझी पाठ फिरल्यावर कुणाला तरी आठवलं की पहिली कात्री किब्ल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला, तोंड करून लावतात. ताजमाह खानुमचे गुडघे दुखतात, तिला उठवायचं नको, म्हणून चौघींनी उशी तिच्यासकट सरकवली आणि कापड तेवढं फिरवून तिच्यापुढे आणलं. मोकळी टोकं गेली पलीकडे, घडी आली तिच्या हाताशी. तिचा चष्मा होता पर्समध्ये, कारण लग्नकार्यात ती चष्मा लावत नाही. खडूची रेघ दिसेना, तेव्हा तिनं स्वतःच एक जागा पसंत केली, कपाळावर येणाऱ्या काठापासून चार बोटांवर. आणि बायका जोरात किलकिलत होत्या, तेव्हा तिच्याही हाताला जोर चढला. चांगली वीतभर कात्री चालली.

घडी उघडली तर वीतभराच्या दोन विती झाल्या होत्या. फरंगीसनं कापड उचलून डोक्यावर घेतलं. फट बरोबर कपाळाच्या वर आली, तिच्या आतून भांग दिसत होता.

इफ्तेखार खानुम मटकन खाली बसली. "हाजींना काय सांगू मी?" एवढंच ती म्हणत राहिली. एकीनं घाईनं दृष्ट काढायला विस्तवावर एस्पंदचे दाणे टाकायला सांगितलं. दुसरी म्हणाली, वरून लेस लावा. तिसरी म्हणाली, बाजारातून दुसरं आणा, पुरुषांना काय कळतंय. ताजमाह खानुमनं तर रडायला सुरुवात केली होती. "तीस वर्षांत माझा हात चुकला नाही गं," ती म्हणत होती, "या पोरीच्याच वेळी कसा चुकला?" हे ऐकून सगळ्यांनी फरंगीसकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे. कुणाच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ कळलं: आईचं नशीब लेकीच्या कापडात उतरलं.

फरंगीसनं चादोर डोक्यावरून काढली आणि माझ्यापुढे धरली. "आई, तू बघ."

"अगं पण रीत..." इफ्तेखार खानुमनं सुरुवात केली.

"रीत झाली, खानुम," मी म्हटलं. तबक खाली ठेवलं. आवाज चढलाच माझा, खोटं कशाला सांगू. "पहिली कात्री उजळ नशिबाच्या हातानं लागली, सलवात झाली, नोकुल उधळून झालं. काही राहिलेलं नाही. आता दुसरी कात्री. तिला नशीब लागत नाही, डोळे लागतात."

मग ताजमाह खानुम रडता रडता फस्सकन हसली. "खरंय गं बाई," ती म्हणाली, आणि कात्री तिनं स्वतः माझ्या हातात दिली. "माझं नशीब घे हवं तर, पण मला तो चष्मा द्या कुणीतरी."

मी कापड पसरलं आणि मनात माप धरलं. फट तिरकी गेली होती; ती जायला हवी तर पुढचा सगळा काठ सहा बोटं कापून टाकावा लागणार. तेवढी उंची कमी होणार, म्हणजे खालचा जोड, पन्हा उंचीला पुरत नाही म्हणून खाली लावतात तो तुकडा, सहा बोटं वर सरकवायचा. पण चादोरचा गोल वर जावं तसा रुंद होत जातो, म्हणून जोड नुसता उंच करून भागत नाही, लांबही करावा लागतो. किती लांब? मी वीत टाकून मोजलं. एक वीत. सव्वापाचातून तो निघाला नसता. साडेपाचातून निघत होता, वर बोटभर कापड उरवून.

"इफ्तेखार खानुम," मी म्हटलं, "तो तंबू आठवतोय?"

ती उठून माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

मी पुढचा काठ कापून टाकला, आणि जोड लावण्याआधी फुलं सुलट आहेत ना हे तीनदा बघितलं. चौथ्यांदा फरंगीसनं बघितलं, दुमजली फोटोची आठवण देत. टीप मारून झाल्यावर तिला लग्नातल्या उंच टाचा घालून खोलीच्या मधोमध उभी केली, चादोर डोक्यावर दिली, कपाळावर जिथं यायची तिथं ओढली, हनुवटीखाली मुठीत धरायला लावली. मग मी जमिनीवर बसून तिच्याभोवती सरकत गेले आणि पायाच्या टाचेपासून बोटभर खाली कापत गेले. माझ्यामागून इफ्तेखार खानुम कापलेल्या चिंध्या उचलत येत होती.

"हे कुठं शिकलात हो?" तिनं विचारलं.

"कपडे खराब करून," मी सांगितलं. "सगळे हिचेच."

हाजींना त्या दिवशी काही सांगितलं गेलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

निकाहाच्या दिवशी फरंगीस आरशापुढे नवऱ्याशेजारी बसली होती. दोघांच्या डोक्यावर पांढरा कपडा धरलेला, आणि उजळ नशिबाच्या बायका एकेक करून पुढे होऊन, संसार गोड व्हावा म्हणून, त्यावर साखरेचे खडे एकमेकांवर घासत होत्या. मी दाराशी उभी होते. ती जागा मी आधीच धरून ठेवली होती, कुणी दाखवायच्या आत. मी शिवलेली चादोर तिथून दिसत होती, गोल सारखा पडला होता, जोड कुठं होता ते मला माहीत असूनही सापडत नव्हतं. मला तेवढं पुरे, असं मी मनाशी म्हणत होते. पुरत नव्हतं.

मग सुईची वेळ आली. आमच्याकडे त्या वरच्या कपड्याच्या कोपऱ्यात सात रंगांच्या दोऱ्यानं चार टाके घालतात आणि म्हणतात, सासूची जीभ शिवते. हेही काम सफेदबख्त बाईचंच. सुई ताजमाह खानुमच्या हातात होती, नाकावर चष्मासुद्धा होता. पण इफ्तेखार खानुम मध्ये आली. तिनं सुई काढून घेतली आणि सगळी खोली ओलांडून माझ्यापर्यंत, दारापर्यंत, आली.

"घ्या," ती म्हणाली.

"हे माझं काम नाही, खानुम. तुम्हाला माहीत आहे."

"माझी जीभ तुम्हाला माहीत आहे," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कच्च्या शिलाईनं ती राहायची नाही. या, शिवा."

बायका हसल्या. मी सुई घेतली. दारापासून लेकीपर्यंत सात-आठ पावलं असतील, ती मी कशी चालले ते मला आठवत नाही. फरंगीसनं वर पाहिलं नाही, वधूनं पाहायचं नसतं, पण मला बसता यावं म्हणून तिनं गुडघा जरा बाजूला घेतला.

त्या दोऱ्याला गाठ मारायची नसते. म्हणून प्रत्येक टाका मी मागे घेऊन घातला. तसा टाका गाठीशिवायही उसवत नाही.