मेट्रनबाईंचा जिना

मेट्रनबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी आमच्या वॉर्डानं सुटकेचा निःश्वास टाकला होता म्हणे. मी त्यानंतर नोकरीला लागले. पण त्या परत येणार, तेही स्ट्रेचरवरून, हे कळलं तेव्हा जुन्या सिस्टरांची कशी पाचावर धारण बसली ते मी डोळ्यांनी पाहिलं. घरी कपाटाच्या वर धूळ राहिलीय का, हे बघायला बाई स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. धूळ मात्र सापडली होती, हे त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं.

ऑपरेशन छान झालं. खरा पेच पुढंच होता. बाई एकट्या राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. परगावाहून आलेल्या मुलानं स्पष्टच सांगितलं, "आई, जिना एकटीनं चढता आला तर तू तुझ्या घरी. नाहीतर आमच्याकडे यायचं, कायमचं." मुलगा काही वाईट नव्हता. पण बाईंना स्वतःच्या घरातच राहायचं होतं. घराच्या किल्लीची पर्स त्या उशाखाली घेऊन झोपायच्या.

त्यांच्या बेडची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण नेमकी त्याच दिवशी बाकीच्या सगळ्यांना दुसरीकडे भारी महत्त्वाची कामं निघाली. शिवाय माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या इनचार्ज सिस्टरांचं मत. "तूच पुरी पडशील त्यांना," असं म्हणून त्यांनी काढता पाय घेतला.

पहिल्याच सकाळी बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि खाटेचा कठडा घट्ट धरून बसल्या होत्या.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"मी ठीक आहे."

"रात्री गोळी घेतली?"

"लागली नाही."

रात्रपाळीच्या सिस्टरनं विचारलं, बाई नको म्हणाल्या, आणि ती बिचारी "बरं बाई" म्हणून गेली. मेट्रनबाईंना दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती? मी पायाशी गेले तर तिथं वेगळाच प्रकार. बाईंना चादरीला एक सुरकुती खपायची नाही, म्हणून आमच्या पोरींनी चादर गादीखाली इतकी करकचून खोचली होती, की बाईंची बोटं पार दाबून गेली होती. पाय हलवायची सोय नव्हती.

"कोपरे मात्र झकास घातलेत," बाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

मला हसूही आलं आणि संतापही आला. मी सगळी चादर उपसून मोकळी केली. सगळ्या जणी बाईंच्या बेडशी परीक्षेला बसल्यासारख्या वागत होत्या आणि पेशंटकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"बाई, दुखणं दहापैकी किती?"

"हा प्रश्न मी लोकांना विचारत आलेय."

"मग उत्तर सोपं जाईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर ततपप झाली असती. मग हळूच म्हणाल्या, "आठ."

गोळी दिली. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी पहिल्यांदा मला नाश्त्याच्या ट्रेवरून झापलं. मला फार बरं वाटलं.

पुढं वॉकर जमला, काठी जमली. जिना जमेना. पहिल्या दोन पायऱ्या त्या चढल्या खऱ्या, पण सगळा भार माझ्या खांद्यावर. वर वळून म्हणाल्या, "झालं. चढले. तसंच सांगायचं."

मी त्यांना धरून खाली उतरवलं. तिथंच बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. शिकाऊ असताना त्यांनीही बाईंची बोलणी खाल्ली होती, त्यामुळे अजून बाईंसमोर ते हात मागे बांधून उभे राहायचे. "काय मॅडम, जिना?"

"एकदम व्यवस्थित," बाई म्हणाल्या. इनचार्ज सिस्टर मान डोलवायला लागल्या. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहायला पेन काढलं.

 घरच्या जिन्यात त्यांना धरायला मी नसणार, हे मला दिसत होतं. "नाही, सर," मी म्हणाले. "अजून एकटीनं जमत नाही."

 उशाशी उभ्या मुलानं सुस्कारा सोडला. "मग ठरलं, आई. मी तिकिटं काढतो."

"दोन दिवस द्या," मी डॉक्टरांना म्हटलं. "मग बघू." ते हो म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपण यांचं घर घालवलं, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी जिन्याशी जुंपली. "चढताना चांगला पाय आधी, बाई."

"मला शिकवतेस? शेकडो लोकांना हेच सांगितलंय मी." आणि ऑपरेशनचा पाय पुढं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे मी मनात म्हणाले असं मला वाटलं, पण तोंडातून बाहेर पडलं होतं.

बाई थबकल्या. आता काठी डोक्यात बसते असं वाटलं. पण त्या चक्क हसायला लागल्या. हसता हसता कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं, भीती वाटते मला. पडण्याची. पेशंटना मी म्हणायचे, त्यात घाबरायचं काय! किती मूर्खासारखं बोलायचे गं."

"घाबरतच चढायचं," मी म्हटलं. "मी मागे आहे. हात लावणार नाही, पण पडूही देणार नाही."

त्या चढल्या. शिव्या घालत, थांबत, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण एकट्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग वॉर्डातल्या पोरीही कामं सोडून बाईंची चढउतार बघायला यायला लागल्या आणि बाई त्यांना जिन्यावरूनच कामाला पिटाळायला लागल्या.

दोन दिवसांनी राउंड. मुलगा उशाशी, इनचार्ज सिस्टर पायाशी. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, "काय मॅडम, जिना?"

"मला काय विचारता?" बाई कडाडल्या. "मी पेशंट आहे. पेशंट खोटं बोलतात. माझ्या नर्सला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. बाईही. त्यांचा हात उशाखालच्या पर्सवर होता.

"चढतात, सर. उतरतातही," मी म्हणाले. "आधाराशिवाय. स्वतःच्या घरी जाऊ शकतील."

मुलानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंची हनुवटी हलायला लागली. आयुष्यात कधी त्या या वॉर्डात कुणासमोर रडल्या नव्हत्या, आणि आता त्यांना ते आवरता येणार नव्हतं. मी पुढं होऊन बेडभोवतीचा पडदा ओढला आणि बाहेरून डॉक्टरांना म्हटलं, "सर, पुढच्या पेशंटकडे चला."