देवाच्या डोहाकाठचा धोंडा

मी एक जुना धोंडा आहे, मित्रांनो. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला नदीत देवाचा डोह आहे, त्याच्या काठाला बसलोय. सध्या माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने 'चौदा' लिहिलंय. बोकडाला गुलाल लावतात ना, तसं. इथे खाण काढणाऱ्या ठेकेदाराला परवानगी मिळाली की मी चौदाव्या नंबराने क्रशरात जाणार आणि खडी होऊन बाहेर पडणार.

सह्याद्रीच्या कड्यावरून निखळलो तेव्हा चांगला टोकदार होतो. नदीने लोळवून लोळवून गुळगुळीत केलं. मग कामाला लागलो. बायकांनी माझ्यावर गोधड्या आपटल्या. बाबल्या गुरव रोज पूजा आटोपून माझ्यावर बसतो, मूठभर तांदूळ सोडतो आणि हातभर लांबीचे खडस मासे वर येतात. ते देवाचे. त्यांना कोणी गळ टाकत नाही. पहाटे ऊद येतात, म्हणजे पाणमांजरं. खाऊनपिऊन माझ्या डोक्यावर हगून जातात. हा भाग आमचा, असं सांगायची ती त्यांची रीत. आणि पावसाच्या तोंडावर खडस वरच्या उथळ पाण्यात, गोट्यांच्या फटींत अंडी घालतात. नेमके तेच गोटे ठेकेदाराला हवेत.

मार्चमध्ये विनीत साहेब आले. खाणीमुळे इथल्या जीवांचं काय होईल, याचा अहवाल लिहायला. ठेकेदाराच्या गाडीतून, ठेकेदाराचे कोंबडीवडे जेवून, भर दुपारी. त्या उन्हात कुत्रं बाहेर पडत नाही, उदाला काय पडलंय! साहेब रुमाल शोधत शोधत बरोबर उदाच्या घाणीवर बसले. तिच्यातली माशांची खवलं विजारीला चिकटली. आणि लिहिलं काय? 'सस्तन प्राण्यांची चिन्हे नाहीत.' पुरावा ढुंगणाला घेऊन फिरणारा विद्वान मी पहिल्यांदाच पाहिला.

टिटवी डोक्यावर जीव तोडून ओरडत होती. तिची अंडी साहेबांच्या बुटापासून वीतभर.

"काय कटकट आहे," साहेब म्हणाले. मग बाबल्याकडे वळले. "गुरवकाका, मासे किती?"

"देवाचे मासे मोजायचे नसतात वो, साहेब. मोजले की सरतात."

साहेबांनी लिहिलं, 'मासे : नोंद नाही.' आणि गाडीत बसले.

मला साहेबांची चीड आली, पण बाबल्याचीही आली. अरे, देवाच्या नावाने गप्प बसलास आणि देवाचं घरच लिहून दिलंस की!

गावाने हरकत घेतली. मे महिन्यात पुन्हा पाहणी लागली. या खेपेला विनीत साहेबांबरोबर वनखात्याच्या अक्षया मॅडम होत्या, म्हणून सकाळी सातला. त्यांनीही तेच विचारलं. बाबल्याने तेच उत्तर दिलं.

बाबल्याची भावजय मैना धुणं धूत होती. तिने पिळा खाली टाकला. "सरा बाजूला, भावोजी. मी मोजते. देवाला काय म्हणायचंय ते मला म्हणूंदे."

माझ्या नि काठच्या कातळाच्या मधे पाण्याची अरुंद वाट आहे. मैनाने पलीकडे तांदूळ टाकले. मासे एकेक करून त्या वाटेने निघाले. दर माशाला एक खडा ती माझ्यावर ठेवत गेली.

विनीत साहेब हसले. "असं मोजत नाहीत हो बाई. शास्त्र असतं त्याचं."

"मग उतरा पाण्यात नि मोजा शास्त्राने! गेल्या खेपेची विजार धुवून झाली असंल तर."

साहेबांनी विजार चाचपली. बाबल्या सगळ्यांकडे पाठ करून, डोळे मिटून उभा.

"एकशे शहाऐंशी," मैना म्हणाली.

"सत्त्याऐंशी," पाठमोरा बाबल्या पुटपुटला. "आंधळी म्हातारी मासळी कपारीतून बाहेर येत नाय."

मैना गर्रकन वळली.

"भावोजी, तुमी मोजता?"

"चाळीस वर्सं. रोज." बाबल्याने डोळे उघडले. "एखादा कमी झाला तर कळायला नको?"

अक्षया मॅडमनी आकडा लिहिला आणि खाली बाबल्याची सही घेतली. विनीत साहेब नदीकडे बघत बसले, जणू आत्ताच कोणीतरी ती तिथे आणून ठेवली होती.

निकाल अजून यायचाय. चौदा आकडाही कपाळावर तसाच आहे. मित्रांनो, तुमच्याही गावात नदी असेल, तिच्यात जीव असतील. ते पाठ करा आणि कोणी विचारलं तर मोठ्याने सांगा. चाळीस वर्षं मनात मोजलेलं कागदावर शून्यच असतं, आणि ते शून्य लिहिणारा विजार झटकून निघून जातो.