मंजुश्रीची ट्यूब

मंजुश्रीचा मेडिकलला नंबर लागला आणि लातूरच्या होस्टेलमधल्या दोघींच्या खोलीत अर्शी एकटी उरली. दोघी एकाच क्लासला, एकाच बाकावर होत्या. अर्शीचे मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा परीक्षा द्यायला ती वर्षभर थांबली. जाताना मंजुश्री नोट्स आणि पिंपल्सच्या क्रीमची अर्धी ट्यूब तिच्यासाठी ठेवून गेली.

नव्या बॅचच्या पोरी तिला ‘दीदी’ म्हणायच्या आणि आपापल्या घोळक्यात निघून जायच्या. मेसमध्ये चार घास गिळून अर्शी वर यायची. गालांवर पुटकुळ्या उठल्या, तेव्हा तिनं ती ट्यूब काढली. त्यात अ जीवनसत्त्वाचंच एक रूप असतं, हे तिनं वाचलं होतं. जीवनसत्त्वच ते, जास्त लावलं तर काय बिघडणार? ती सकाळ-संध्याकाळ बोटभर क्रीम थापू लागली आणि तशीच उन्हातून क्लासला जाऊ लागली.

आठवड्याभरात चेहरा लालबुंद झाला, सालपटं निघू लागली. ओढणी गुंडाळून ती मागच्या बाकावर बसायची. कुणी काही विचारलं नाही. तिनं मंजुश्रीला फोन लावला, तर नुसता मेसेज आला, “बिझी आहे गं, नंतर करते.”

हिमायतनगरहून अम्मीचा व्हिडिओ कॉल आला.

“ओढणी काढ की, बेटा. तोंड तर दिसू दे.”

अर्शीनं ओढणी सोडली. चेहरा पाहून अम्मी म्हणाली, “आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा.”

डॉक्टरबाईंनी ट्यूब पाहिली, ती कुणाची ते विचारून घेतलं. “हे दुसरीला लिहून दिलेलं औषध. तू का लावलंस?”

“तिला सगळं लागू पडलं होतं, मॅडम,” अर्शी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

बाईंनी तिला रडू दिलं. “आता हे बंद. पुढं गरज पडली तर मी सांगीन. तेही रात्री, वाटाण्याएवढंच. मनानं अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घ्यायच्या नाहीत. गाजर, शेवग्याचा पाला, अंडी खा. जेवतेस कोणाबरोबर?”

“एकटीच,” अर्शी म्हणाली.

हळूहळू चेहरा निवळला. एका रविवारी मंजुश्रीचा फोन आला. नवं कॉलेज, नव्या मैत्रिणी, ती भरभरून बोलत होती. अर्शी “हाव, हाव” म्हणत राहिली. चेहऱ्याचं तिनं सांगितलं नाही.

“चल, सगळ्या थांबल्यात माझ्यासाठी,” म्हणत मंजुश्रीनं फोन ठेवला.

अर्शी ताट घेऊन मेसमधल्या भरल्या टेबलापाशी गेली. “इथं बसू का?”

एका पोरीनं बॅग सरकवून जागा दिली आणि पुन्हा आपल्या गप्पांत रमली. अर्शी बसली आणि सावकाश जेवू लागली.