टेबलाचा ढोल

आमच्या नृत्य विभागाच्या प्रवेशचाचणीत पियानो मी वाजवते, आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तक्रार नाही हं, आहे ते सांगते. पोरं येतात, छातीवर नंबर टाचतात, आरशात स्वतःला न्याहाळतात आणि थरथर कापतात. त्यांच्या लेखी पियानो म्हणजे भिंत. मला सगळे दोन्या लुमी, म्हणजे लुमीबाई, म्हणतात, मान देऊन, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. मी बहिरी नाही.

त्यामुळे त्या सकाळी एक उंच, काळीभोर पोरगी वर्गात शिरली आणि आरशाकडे न जाता तडक माझ्यासमोर आली, गुडघा जरासा वाकवून, मान लववून मला नमस्कार करून गेली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सटवी चेष्टा करतेय! आल्या आल्या? पण हसत वगैरे नव्हती. आपल्या जागेवर जाऊन सरावाच्या कठड्याला हात लावून शहाण्यासारखी उभी राहिली.

आमच्याकडे प्रवेश मिळणं म्हणजे खायचं काम नाही. आधी विद्यापीठाची लेखी परीक्षा, ते गुण संगणक बघतो. नाचाची पदवी हवी असेल तर वर ही चाचणी. सकाळी बॅलेचा वर्ग, मग आधुनिक नृत्याचा. दुपारी निम्म्यांना घरी पाठवतात. उरलेल्यांनी स्वतः बसवलेला एक छोटा नाच एकट्यानं करायचा आणि शेवटी परीक्षकांपुढे बसून प्रश्नांना उत्तरं द्यायची. नाचाचं संगीत फोनवर घेऊन यायचं. वादक आणायचा नाही, असा नियम आहे. मागे एकानं अख्खा बँड आणला होता, ट्रम्पेटसकट, तेव्हापासून.

परीक्षकांची मुख्य विल्दा. एके काळी हिचा नाच बघायला सान हुआनमध्ये माणसं भर पावसात रांगेत उभी राहिली आहेत, मीही राहिलेय. आता तिचे गुडघे गेले आणि नजर कागदावर आली. कुणाचं काय चुकलं ते मला पायांच्या आवाजावरून कळतं, असं ती म्हणते. आणि खरंच कळतं, त्यामुळे कुणाची बोलायची सोय नाही. दिवसभर मान खाली घालून गुण लिहीत असते.

बॅलेचा वर्ग सुरू झाला. मी नेहमीचा वॉल्ट्झ धरला. थोड्या वेळानं विल्दा कागदातूनच ओरडली, "लुमी, पळतेयस!"

मी? पळतेय? अहो, या हाताखालून किती पोरं गेली, पण लुमी पळते असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. मी तोंड दाबून लय पुन्हा जागेवर आणली. जरा वेळानं परत, "लुमी!" तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती नमस्कारवाली पोरगी पाय उचलताना खांद्याला एक हलका झटका देत होती, आणि माझा डावा हात मला न विचारता त्या झटक्यावर जाऊन पडत होता. कार्टीनं मला दोरीला बांधल्यासारखं ओढून नेलं होतं.

दुपारी निम्म्यांना घरी पाठवलं. ती उरली. मी खार खाऊन होते, तिला व्हरांड्यात गाठलीच. शेजारी तिची आई बर्फाची पेटी उघडून बसली होती, गार माल्टाच्या बाटल्या आणि डब्यात घरी तळलेली बकालाइतो, खाऱ्या माशांची भजी हो.

"ए पोरी, नाव काय तुझं?"

"यादिरा, दोन्या लुमी. आम्ही लोईसा गावचे."

"सकाळी मला नमस्कार कसला केलास?"

ती गोंधळली. "करायचा नसतो? आमच्यात ढोलाला करतात नाचायच्या आधी. इथं ढोल नव्हता. वाजवणाऱ्या तुम्हीच होतात."

लोईसा म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं. ही बोम्बा नाचणारी पोर. बोम्बात सगळं उलटं असतं. नाचणारी ढोलाच्या मागे जात नाही, ढोल नाचणारीच्या मागे येतो. एक ढोल नुसता ठेका धरून बसतो. दुसऱ्यासमोर ती जाते, नमस्कार करते, आणि मग खांदा उडवते, घागऱ्याचा घेर फेकते, आणि तिच्या प्रत्येक झटक्याला त्या ढोलवाल्यानं थाप देऊन उत्तर द्यायचं. चुकला तर लोक त्याला हसतात, तिला नाही. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला चालायचं ते. माझी आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि मला खिडकीतूनसुद्धा बघू द्यायची नाही. मी बघायचेच म्हणा.

"बाई, खाऊन घ्या," तिच्या आईनं भजं माझ्या हातात कोंबलं. नोएमी तिचं नाव. "आणि एवढं सांगा, हिचं काही होणार आहे का? की उगाच दिवस घालवतोय?"

"आई!"

"आई काय? तुझ्या मावशीनं ऑर्लँडोला हॉटेलात जागा बघून ठेवलीय. चादरी बदलायच्या, पण महिन्याचा पगार. तिकीट काढलंय मी हिचं, बाई. नापास झाली की सोमवारी विमानात. मी तर देवाला सांगितलंय, बाबा रे, नापासच कर."

"अशी कशी हो आई तुम्ही?"

"अशीच," नोएमी म्हणाली, आणि पेटीचं झाकण तिनं नको इतक्या जोरात लावलं. "नाच नाच म्हणून इथंच राहिली आणि हाती काही लागलं नाही, तर शिव्या कुणाला देईल? मलाच ना? मी पण नाचायचे, बाई. काय मिळालं? घामोळं."

यादिरा माल्टा पीत होती. मला उगाचच राग आला, तिचा नाही, त्या विमानाचा.

दुपारी तिचा एकटीचा नाच. घट्ट कपड्यांवर तिनं पांढरा घेरदार घागरा बांधला. फोनवर तिच्या मामानं वाजवून दिलेला ढोल. ती फोनपुढे गेली, फोनला नमस्कार केला. तिघा परीक्षकांतला तरुण परीक्षक खुदकन हसला. नाच सुरू झाला, आणि मी हातातलं भजं खाली ठेवलं. पाय असे पडत होते की जमिनीला कळावं कुणाचे आहेत.

मग तिनं खांदा उडवला. ढोलानं उत्तर दिलं नाही. देणार कसा? मामानं ते आदल्या आठवड्यात घरी बसून वाजवलेलं. तिनं घेर फेकला, थाप पडली ती भलतीकडेच. ती क्षणभर थांबली, पुन्हा विचारलं, पुन्हा भलतंच. तुमच्याशी बोलणारा माणूस दुसऱ्याच कुणाकडे बघून बोलत असावा, तसं झालं तिचं. आणि मग ती थांबलीच, मधोमध. ढोल एकटाच वाजत राहिला. शेवटी तरुण परीक्षकानंच उठून तो बंद केला.

गेलं, म्हटलं. सोमवारचं विमान.

विल्दानं मान वर केली नाही. "त्या खुर्चीवर बस," ती म्हणाली. "मध्येच का थांबलीस?"

"मी नाही थांबले, प्रोफेसरबाई. त्यानं उत्तर दिलं नाही."

"कुणी?"

"ढोलानं."

"रेकॉर्डिंग कसं उत्तर देईल?"

"तेच ना!"

तरुण परीक्षक पुन्हा हसला. विल्दा लिहीतच होती. "सकाळच्या वर्गातही तू तालाच्या पुढे जात होतीस. कलाकाराला संगीत ऐकता आलं पाहिजे. प्रवेश मिळाला नाही तर काय करशील?"

"ऑर्लँडो. मावशीकडे. हॉटेलात. आईनं तिकीटही काढलंय." मग ती खुर्चीत पुढे सरकली. "तिथं चादरी मी छान बदलीन हो, त्यात काही वाईट नाही. पण मला नाचायचंय. मला इथं शिकायचंय. घरी मला येतं तेवढंच येतं, पुढचं कोण दाखवणार?"

"हं," विल्दा म्हणाली आणि पान उलटलं.

मी पियानोमागे उभी राहिले. मला मत नाही, मी परीक्षक नाही, पण राहवलं नाही. "विल्दा, तिला माझ्या साथीनं परत एकदा करू दे. नियमात बाहेरचा वादक आणायचा नाही, मी कुठं बाहेरची आहे?"

"लुमी, तू बस."

"नाही, दोन्या लुमी बरोबर बोलतात," पोरगी उठलीच. घागऱ्याला हात पुसले. "पण त्यांनी नुसता ठेका धरावा. खालच्या पट्ट्यांवर, एकसारखा. उत्तर देणारा ढोल दुसरा लागतो." आणि ती चालत कुठं गेली म्हणता? थेट परीक्षकांच्या टेबलापुढे. विल्दासमोर उभी राहिली. "तुम्ही द्या, प्रोफेसरबाई. टेबलावर. हातानं."

तरुण परीक्षकाचं हसू तिथंच जिरलं.

"मी का?" विल्दानं विचारलं.

"कारण तुम्ही सकाळपासून एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत. उत्तर द्यायचं तर बघावंच लागतं."

अरे देवा. मला वाटलं, आता ही बया हिला दाराबाहेर काढते. या खोलीत विल्दाशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आणि ती पोरगी वर उर्मट वाटावी तर तेही नाही. तिनं सकाळसारखाच गुडघा वाकवला, मान लववली आणि विल्दाला नमस्कार केला.

मी वाट बघितली नाही. ठेका सुरू केला. म्हटलं, हाकलायचं तर दोघींना हाकल.

यादिरानं खांदा उडवला. टेबल गप्प. तिनं पुन्हा तोच खांदा उडवला, न रागावता, लहान मुलाला घास भरवावा तशी. विल्दाचा तळहात टेबलावर पडला. उशिरा पडला. पोरीनं मानेनंच नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा उडवला. या वेळी थाप बरोबर बसली, आणि विल्दानं पेन खाली ठेवलं.

मग काय सांगू तुम्हाला! घेर डावीकडे, थाप. टाच, थाप. दोन झटके आणि एक खोटा, की विल्दा फसली आणि स्वतःशीच "आई गं!" म्हणाली. दुसऱ्या हातानं तिनं कागद बाजूला सारले, चष्मा कपाळावर चढवला. पापणी लवली तर थाप चुकणार होती, त्यामुळे ती बघत होती, गेल्या कित्येक वर्षांत कुणाकडे बघितलं नसेल अशी. आणि पोरगी? बॅलेमधली गिरकी तिनं सकाळीच उचललेली, ती मध्येच बोम्बात घातली, खांद्याचा झटका देऊन, आणि विल्दानं तिथंही थाप दिली. कोण म्हणालं हिला ऐकता येत नाही? माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ठेका सोडू शकत नव्हते, म्हणून नाक तसंच गळू दिलं.

शेवटी यादिरानं पुन्हा नमस्कार केला. विल्दा टेबल धरून उभी राहिली, गुडघे कटकन वाजले, आणि तिनं मान लववली. पोरीला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"जा आता," विल्दा म्हणाली. "नंबर काढून टेबलावर ठेव आणि कपडे बदल."

ती गेल्यावर तिघं परीक्षक कुजबुजले, भांडले, पुन्हा कुजबुजले. मला खोलीबाहेर काढलं. मी नोएमीजवळ जाऊन बसले, पण तिला काही सांगितलं नाही. काय सांगायचं हे मलाच कळत नव्हतं. आतून टेबलावरच्या थापा तिला ऐकू आल्या असणार, कारण ती पाय हलवत होती आणि मी बघितल्यावर हलवायची थांबली.

मग दार उघडलं आणि विल्दा स्वतः बाहेर आली. उजवा हात डाव्या हातात धरलेला.

"तुमच्या पेटीत बर्फ आहे का हो?"

नोएमी धडपडत उठली, मूठभर बर्फ काढला. विल्दानं हात पुढे केला. तळहात लालभडक, सुजलेला.

"अगं बाई! हे काय झालं?"

"तुमच्या मुलीनं केलं."

नोएमीच्या हातातला बर्फ खाली पडला. "काय केलं कार्टीनं? प्रोफेसरबाई, मी पाया पडते, माफ करा तिला. तापट आहे, पण मनानं वाईट नाही हो ती. काय केलं तिनं?"

"नाचली," विल्दा म्हणाली.

विल्दानं घसा खाकरला.

"निकाल मला आज सांगता येत नाही. नियम आहे. सगळ्यांना एकदमच कळवतात. मी आपलं सहज विचारतेय. ते ऑर्लँडोचं तिकीट परत करता येतं का?"

नोएमीनं तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी हळूच होकाराची मान हलवली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"नाही येत," ती म्हणाली. "स्वस्तातलं काढलं होतं." आणि प्रवेश तिलाच मिळाल्यासारखी रडायला लागली. "बुडू दे मेलं. बुडू दे!" म्हणत तिनं विल्दाचा हात ओढून घेतला आणि पेटीतला उरलासुरला सगळा बर्फ त्या तळहातावर ओतला.