बेवारस कवळी

टिचकीने आल्या आल्या बाबांच्या शेवटच्या कवळीला चहा विचारला.

"साखर किती?" ती काचेच्या बरणीपाशी वाकून म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "बोलत नाहीये. तुमच्याच घरातली दिसते."

टिचकी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती मुलांना पोहायला शिकवते. त्यामुळे तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचेल असा कमावलेला आहे, आणि बैठकीच्या खोलीतही ती तो तसाच वापरते. मी ग्रंथालयात काम करते. आमचं दोघींचं कसं जमलं हे घरात कुणालाच उलगडलं नाही. आत्या तर तिला तोंडावर 'आगलावी' म्हणायची.

मी आठवडाभराची रजा काढली होती ती बाबांची कामाची खोली रिकामी करायला. टिचकी मदतीला म्हणून आली होती, म्हणजे मदत सोडून बाकी सगळं करायला.

बाबा कवळ्या करायचे. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा पाठवायचे आणि बाबा तळमजल्यावरच्या त्या खोलीत मेणावर एकेक दात बसवायचे, लांबून बघायचे, काढायचे, परत बसवायचे. ते अचानक गेले तेव्हा टेबलावर बरीच कामं होती. डॉक्टरांनी आपापली ओळखून नेली. ही एक राहिली. पुरी झालेली, घासून गुळगुळीत केलेली, पाण्यात ठेवलेली. तिच्यावर ना डॉक्टरचं नाव, ना रुग्णाचं. कवळी कोरडी पडली की बिघडते, एवढं मला लहानपणापासून ठाऊक. म्हणून मी रोज तिचं पाणी बदलत होते.

"रोज?" टिचकीने विचारलं.

"हं."

"मासा पाळल्यासारखं?"

"कुणाची तरी आहे ती. ज्याची त्याला मिळायला हवी. बाबांचं शेवटचं काम आहे."

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. कवळी चुकली होती. वरच्या ओळीत, सुळ्याच्या अलीकडचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढला होता. रंगही जरा पिवळट. बाबांच्या हातून असं कधीच झालं नव्हतं. मालक सापडावा असं मला मनापासून वाटत होतं, आणि त्याने त्या दाताकडे नीट बघू नये असंही.

"सोपं आहे," टिचकी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना हसवत सुटायचं. ज्याचं तोंड रिकामं, तो मालक."

"असं कुणाच्या तोंडात डोकावतात का?"

"डोकावायचं कशाला? हसवलं की आपोआप उघडतं."

आम्ही निघालो तर जिन्यात आत्या भेटली. बाबांची मोठी बहीण, आमच्या वरच्या मजल्यावर राहते. या वयात बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, हा तिचा जन्माचा अभिमान. लहानपणी माझ्या हातातली गोळी काढून घेऊन ती स्वतःच कडकडून फोडायची आणि म्हणायची, "असे हवेत दात." बाबा गेल्यापासून मात्र तिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. सदा तोंडाला रुमाल. जेवायला बोलावलं तर मानेनेच नाही म्हणायची आणि स्वतःच्या खोलीत दुधात ब्रेड बुडवून खायची. भावाच्या दुःखाने वाचाच गेली, असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटे.

टिचकीला बघून आत्याने भुवया चढवल्या, रुमालाआड काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

"मला एक शिवीही न देता गेल्या," टिचकी हळूच म्हणाली. "प्रकरण गंभीर आहे गं."

मग आम्ही रोज बागेत जाऊ लागलो. सकाळी खोलीतले प्लास्टरचे साचे पोत्यात भरायचे आणि ऊन उतरलं की बाकांवरच्या म्हाताऱ्यांवर धाड घालायची. टिचकीची पद्धत सरळसोट होती.

"काका, जरा हसता का?"

"का?"

"उगीच. तब्येतीला बरं असतं."

"माझी तब्येत बरी आहे."

"मग तर हसायलाच हवं!"

ते काका उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. एक आजी भरभरून हसल्या, पण त्यांचे सगळे दात जागच्या जागी. एक गृहस्थ हसले, आणि मग तासभर सुनेबद्दल बोलत बसले. मला घरी जावंसं वाटत होतं. टिचकीला आणखी बाक हवे होते.

शेवटी आम्हाला निवृत्त कंडक्टर सापडले. ओठ गच्च मिटलेले, बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. टिचकीने त्यांना तिच्या साहेबांची गोष्ट सांगितली. साहेब फोनवर कुणालातरी झापत झापत चालत होते ते थेट तलावात पडले, आणि वर आले तेव्हाही फोन कानालाच, "तर मी काय सांगत होतो..." कंडक्टरांचे खांदे हलायला लागले, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं. ओठ मात्र उघडेनात.

टिचकीने मला कोपर मारलं. "हेच ते." मग त्यांच्याकडे झुकून मायेने म्हणाली, "काका, लाजू नका. आम्हाला सगळं कळलंय. उघडा तोंड."

कंडक्टरांनी हताशपणे तोंड उघडलं. आत भलंमोठं चॉकलेट होतं.

"डॉक्टरांनी साखर बंद केलीय," ते कसंबसं म्हणाले. "आणि ती समोरून येतेय ना, ती माझी बायको. तुम्हाला तिनेच पाठवलंय का?"

मी हसले. आधी नाकातून, मग आवरेचना. पोट धरून, बाकाची पाठ धरून हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि टिचकी, जिने हे सगळं घडवून आणलं होतं, ती मात्र माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

"परत हस," ती म्हणाली.

"काय?"

"परत हस म्हणते ना. दात दाखव. अगं, हा दात! तुझा दुसऱ्यावर चढलेला आहे तो! बरणीतला तोच!"

आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो. आरशासमोर मी ओठ वर करून उभी राहिले आणि टिचकीने शेजारी बरणी धरली. तीच बाजू, तोच कल.

"मला सांग," टिचकी म्हणाली, "खोटे दात कुणी वाकडे मागतं का? लोक सरळ मागतात, पांढरेशुभ्र मागतात. वाकडे कोण मागेल? ते खोटे आहेत हे ज्याला कळू द्यायचं नाही, तोच."

बाबांचे दात सरळ होते. चढलेला दात आमच्या घरात फक्त दोघींना. एक मी.

टिचकीने आणि मी एकदमच वर छताकडे बघितलं.

मी पलंगावर बसले. म्हणजे बाबांचा हात चुकला नव्हता. तो दात त्यांनी मेणावर मुद्दाम तिरका केला होता, लांबून बघून, काढून, परत बसवून. आत्याची जुनी कवळी मोडली असणार आणि नवी हातात पडायच्या आधीच ते गेले. आणि मागायची म्हणजे कबूल करायचं, म्हणून आत्या रुमालाआड उपाशी बसली होती.

"चल, बेल वाजवून देऊन टाकू," टिचकी म्हणाली. "मला फक्त त्यांचा चेहरा बघायचाय."

"नाही. बाबांनी इतकी वर्षं मलासुद्धा सांगितलं नाही. ते कसं नेऊन देत असतील?" आणि मला आठवलं. अधूनमधून बाबा खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून वर जायचे आणि दार आतून लावून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, आत्याचा बल्ब बदलायचाय. एवढे बल्ब कसे जातात, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मी कवळी बाबांच्या पिशवीत ठेवली, टिचकीने स्टूल घेतलं, आणि आम्ही वर गेलो. आत्याने दार उघडलं, तोंडाला रुमाल.

"आत्या, बल्ब बदलायला आलेय."

तिच्या डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बराच वेळ बघितलं. मग बाजूला झाली.

"पिशवी इथे ठेवते. बाबांनी तयार करून ठेवला होता. तू लावून बघ, आम्ही स्वयंपाकघरात थांबतो."

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. टिचकीने हसू दाबायला ओठांत स्वतःची वेणी धरली होती. बाहेर नळ वाहिला, बंद झाला. मग कुणीतरी नाक शिंकरलं, आणि पाठोपाठ खणखणीत आवाज आला.

"आणि ही आगलावी किती दिवस मुक्काम ठोकून बसणार आहे?"

"आत्या!" टिचकी किंचाळलीच. "घरी आल्यासारखं वाटलं बघा!"

आत्या दारात उभी होती. डोळे लाल, हातात सफरचंद. तिने ते आमच्या समोर धरून करकचून चावलं, सावकाश चघळलं.

"तुमचे दात अजून शाबूत आहेत हो," टिचकी अगदी साळसूदपणे म्हणाली.

"बत्तीसच्या बत्तीस. तुझ्यासारखे किडवले नाहीत मी."

मग ती माझ्याकडे वळली. "बल्ब चांगला आहे," ती म्हणाली. "डावीकडे जरा टोचतोय. होईल सवय." आणि काहीतरी आठवून हसायला लागली, हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि मी तिला धरलं. तो चढलेला दात अगदी माझ्या डोळ्यांसमोर होता. कुठेही चुकला नव्हता.

खाली आल्यावर टिचकीने रिकामी बरणी उचलली.

"आता हिचं काय?"

"साखर भर," मी म्हणाले.