दिवसा न सांगायची गोष्ट

शाबहाने हातातली परात तशीच दारात ठेवली, कमरेचा पट्ट्यापट्ट्यांचा फूता सोडला आणि लेकाच्या कॉम्प्युटरवर टाकला. तरी कापडाखालून तिचाच आवाज येत राहिला. राक्षसीण पीठ मागायला आली होती, तिथपर्यंत गोष्ट आली होती. बेलाइदने घाईघाईने फूत्याखाली हात घालून आवाज बंद केला.

"बाहेर ऊन आहे," शाबहा म्हणाली. "गोष्ट दिवसा लावतोस? आहेत तेवढे केस तरी राहू देत डोक्यावर."

डोक्यावर तसं काही उरलं नव्हतं. कानांमागे दोन झुपके होते, तेही आपलं नावाला. पण म्हातारीला हे कोण सांगणार? गोष्ट सांगायची ती दिवेलागणीनंतर. दिवसा सांगितली तर घरात टक्कल शिरतं, हे त्यांच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बेलाइदच्या टकलाचं खापर शाबहा आपल्या सासूवर फोडायची. सासू म्हणे भर दुपारी अंजिरं वाळत घालताना नातवाला गोष्टी सांगत बसायची. सासू जाऊन एक जमाना लोटला, खापर अजून फुटतच होतं.

बेलाइदने तिला समजावून पाहिलं. रात्री ती फोनमध्ये गोष्ट सांगते, दिवसा तो ती ऐकून टाइप करतो. औषधांच्या दुकानातून सुट्टी काढून बसलाय. असं दिवसा काम केलं नाही तर हातात वेळ कुठे आहे?

वेळ खरंच नव्हता. शाबहाच्या घशात गाठ निघाली होती आणि रविवारी तिझी-उझू शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी बेलाइदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येत नाही. बाजूला घेऊन सांगितलेलं म्हातारीने लेकाच्या तोंडावरून ओळखलं. परतीच्या बसमध्ये बराच वेळ खिडकीबाहेरचे बर्फाचे डोंगर बघत बसली आणि मग म्हणाली, "आणि गोष्टींचं काय?" माझं काय, असं तिने विचारलं नाही. लांबलचक, अख्खी रात्र पुरणाऱ्या गोष्टी येणारी गावात ती एकटीच उरली होती. त्या रात्रीपासून शेगडीपाशी बसून ती एकेक गोष्ट बाहेर काढत होती. आता एकच राहिली होती, विहिरीत नांदणाऱ्या सुनेची. तिच्या सगळ्या गोष्टींत तीच थोरली.

"हे सगळं लिहून झालं की काय करणार?" तिने फूता पुन्हा कमरेला बांधत विचारलं.

"पुस्तक. मालहाच्या पोरींना तिकडे माँट्रियलला पाठवायचं. आणखी कुणाला हवं त्याला."

"ते उघडायचं केव्हा?"

"केव्हाही," बेलाइद म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली.

शाबहाने मान हलवली. केव्हाही म्हणजे दिवसासुद्धा. सांगणारी एक वेळ मरून जाईल, पण पुस्तक उघडं पडलेलं राहील, कुणीही यावं आणि भर उन्हात गोष्टीत हात घालावा. बेलाइदने सारवासारव केली की त्याची बहीण मालहा राहते तिथे आपली सकाळ म्हणजे रात्रच असते.

"आणि त्यांची दुपार?" म्हातारीने विचारलं.

शाबहाने परात उचलली. सुनेची गोष्ट राहू दे, म्हणाली, ती माझ्याबरोबर कबरीत येईल. एवढं बोलून ती रव्याचं कुसकुस वळायला आत गेली. आई एकदा नाही म्हणाली की विषय संपला, हे बेलाइदला लहानपणापासून माहीत होतं.

तो तसाच पडद्याकडे बघत बसला. पुस्तकं हे त्याचं एकमेव व्यसन. पंधरा वर्षं त्याने जिथून मिळतील तिथून ती कॉम्प्युटरवर गोळा केली होती. कुठलं पुस्तक फोनवर उघडे, तर कुठलं हट्टाने उघडतच नसे. कुणाला नाव नाही, कुणाला धड पानं नाहीत. नुसता उकिरडा. मग एका हिवाळ्यात, रस्ते बर्फाने बंद असताना, त्याला पुस्तकं लावणारं एक सॉफ्टवेअर मिळालं, तेही फुकट. त्याने तो सगळा उकिरडा त्याच्या ओटीत टाकला. सॉफ्टवेअरने एकेका पुस्तकाला नाव विचारलं, लेखक शोधला, कुठून कुठून मुखपृष्ठं आणली, न उघडणाऱ्यांना उघडणाऱ्या रूपात बदललं आणि सगळी रांगेत उभी केली. बेलाइदच्या हातातली कॉफी थंड झाली होती. पुस्तक थोराचं की पोराचं हे त्या सॉफ्टवेअरने एकदाही विचारलं नाही, याचंच त्याला तेव्हा मोठं अप्रूप वाटलं होतं आणि अजूनही वाटायचं.

आज मात्र त्याच्यापुढे वेगळंच कोडं होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, भिंतीवरून छताला गेलं. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि तो पुढे सरकून बसला.

शाबहा शेगडी पेटवत होती तेव्हा त्याने कॉम्प्युटरवरची पुस्तकं वाचायची छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. बाहेर अजून थोडा उजेड होता.

"ही तुझी कालची गोष्ट," तो म्हणाला.

शाबहाला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक कसं दिसतं हे तिला चांगलं माहीत होतं. पांढऱ्यावर काळ्या मुंग्या. हे तसं नव्हतं. पान काळंभोर होतं आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं होती. तिने पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, फूत्याच्या टोकाने पुसली. मग गुडघ्यावर हात रोवून उठली आणि पश्चिमेच्या खिडकीशी गेली. तिथे उन्हाची शेवटची तिरीप होती. तिने पाटी त्या तिरिपेत धरली. पान काळंच राहिलं.

"उन्हातसुद्धा?"

"उन्हातसुद्धा. रंग पुस्तकातच घालून ठेवलाय. कुठेही उघडा, असंच दिसणार."

बेलाइदने आईला मशिदीत पाहिलं होतं, नातीच्या पाळण्यापाशी पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

"आत रात्र आहे," ती हळूच म्हणाली. "कुणी केली रे?"

"मी. म्हणजे... ते सॉफ्टवेअर करतं, मी सांगितलं."

"मनात वाचायची पण," ती जागेवर येऊन बसत म्हणाली. "ओठ हलवायचे नाहीत. रात्र आत आहे, आवाज बाहेर येतो. हे लिही पहिल्या पानावर."

त्याने तिच्यासमोरच लिहिलं. मग तिला कॉम्प्युटरवरची मुखपृष्ठांची रांग दाखवली. त्यात एक निळं मुखपृष्ठ होतं, त्यावर तिचं नाव. दोन्ही बाजूंना कोण बसलंय, तिने विचारलं. एका अंगाला एक रशियन, केव्हाच मेलेला. दुसऱ्या अंगाला एक चिनी कवी, तोही मेलेला.

"परक्या पुरुषांत बसवलंस मला. आणि त्यांना चालतंय?"

"नावाच्या अक्षराप्रमाणे बसतात सगळे, येम्मा. तिथे मानपान नाही," तो आईला म्हणाला.

हे शाबहाला फारच नवलाचं वाटलं. तिने आयुष्यात एकही लग्न असं पाहिलं नव्हतं, जिथे कोण कुणाच्या वर बसलं यावरून कुणी रुसलं नाही. ती मनापासून हसली, हसताना घशात दुखलं म्हणून थांबली, आणि अंधार पडल्यावर सुनेची गोष्ट सांगायला बसली.

गोष्ट सांगताना ती मधेमधे कोमट पाणी पीत होती. आवाज कुठे फाटे, कुठे नुसता वाराच येई, पण तिने एकही प्रसंग गाळला नाही. सून विहिरीत उतरली, तिने पाण्याखाली चूल मांडली, सासरच्यांनी वरून टाकलेल्या दगडांचं घर बांधलं. बेलाइद लहान होऊन ऐकत होता.

शनिवारी तो दिवसभर कानांत इअरफोन घालून टाइप करत बसला, आवाज बाहेर न जाऊ देता. सॉफ्टवेअरने शेवटी पुस्तकाची भाषा विचारली. त्याने पहिली तीन अक्षरं टाकली आणि जगातल्या सगळ्या भाषांच्या यादीतून त्याची भाषा आपण होऊन वर आली, कबायली. सरकारला न खपणाऱ्या याच भाषेतले चार कागद घरात सापडले म्हणून त्याच्या बापाला एकदा पोलिसचौकीत रात्र काढावी लागली होती. आणि इथे कुणा दूरदेशीच्या माणसाने, न सांगता, तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. बेलाइदला भरून आलं. त्याने डोळे पुसले आणि रूपांतराचं बटण दाबलं. आईचं सगळं आयुष्य एका घोटाच्या वेळात पूर्ण पुस्तक होऊन रांगेतल्या आपल्या जागी जाऊन बसलं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ गेली, आवाजही गेला.

डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर शाबहाने फक्त मान हलवली. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. बेलाइदने आणलेलं सूप तिने घेतलं, लिंबाची पानं घातलेलं पाणी घेतलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कुशीवर वळली. खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं. तिने बेलाइदच्या पिशवीकडे बोट केलं. त्याने पाटी काढून तिच्या हातात दिली. तिने ती परत त्याच्या हातात ठेवली आणि स्वतःच्या कानाला हात लावला.

"मोठ्यानं?" त्याने विचारलं. "येम्मा, दुपार आहे."

तिने खिडकीकडे पाहिलं. मग काळ्या पानाकडे. मग त्याच्या डोक्याकडे, बराच वेळ. पायथ्याशी तिचा फूता घडी करून ठेवला होता. तो तिने ओढून घेतला, कशीबशी उठून बसली आणि लेकाच्या टकलावर नीट पसरला. कपाळ झाकलं, दोन्ही कान झाकले, हनुवटीखाली गाठ मारली. गाठ घट्ट आहे ना ते ओढून पाहिलं. मग उशीला टेकली आणि वाच म्हणून हात हलवला.

बेलाइद वाचू लागला. विहिरीपर्यंत आला तेव्हा ताप बघायला नर्स दारात आली. बायकी फूता बांधलेला एक धिप्पाड पुरुष भर दुपारी म्हातारीला गोष्ट सांगतोय, हे तिने पाहिलं. ती याच डोंगरातली होती. पुढे येऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि रिकाम्या पलंगाच्या कडेवर टेकली.