हात लागलेली भिंत

केळझरात गणपतीच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर तानबाजींचं किराणा दुकान आहे, दुकानामागे घर आहे, आणि यंदा त्या घरावर मजला चढला. मजल्यावर स्वयंपाकघर झालं. त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला मोझॅकची फरशी बसली, तेव्हा बाया मुद्दाम जिना चढून ती पाहायला येऊ लागल्या. पांढऱ्या सिमेंटमध्ये हिरवे, तांबडे, काळे दगडाचे तुकडे, आणि वरून अशी घोटलेली की बोट फिरवावंसं वाटावं. सून रूपाली तिला टेराझो म्हणायची. सासू सुमित्राबाई मोजाईकच म्हणायच्या, कारण ही फरशी त्यांनी आजवर शाळेत आणि बँकेत पायाखालीच पाहिली होती.

"फरशी भिंतीवर चढवली," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता छपराचे कवेलू खाली अंथरतीन."

"अंथरू दे ना. तुले काय करायचं हाय?" तानबाजी साखर तोलता तोलता म्हणाले.

सुमित्राबाईंना करायचं काही नव्हतंच, आणि दुखणं तेच होतं. वरच्या स्वयंपाकघराबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मुलाला, म्हणजे प्रफुलला, त्यांनी एकदा सरळ विचारून पाहिलं, तर तो मोबाईलात बघत म्हणाला, "असंच माय, वर चहापाण्याले." चहापाण्यासाठी कोणी एवढी भिंत सजवत नाही, हे दुकानदाराच्या बायकोला कळतं. मग एक दिवस दुसरी शेगडी आली. तिच्यामागे कोरा करकरीत तिखटमिठाचा डबाही वर गेला, आणि सुमित्राबाई समजल्या. चूल वेगळी होत होती.

भांडण काही झालं नव्हतं. सासू वाईट नव्हती, सूनही वाईट नव्हती. स्वयंपाकघर तेवढं एकच होतं. रूपाली सेलूला पतसंस्थेत नोकरीला जायची. सकाळी तिला घाई, आणि सुमित्राबाईंच्या हाताला घाई ठाऊकच नाही. एकीला भाजीत गूळ लागे, दुसरीला तो सोसत नसे. एकीने मांडलेला डबा दुसरी उचलून ठेवी. अशा गोष्टी सांगायला बसलं तर हसू येतं, आणि रोज सोसायला लागलं तर रडू येतं.

शिवाय सुमित्राबाईंना सुनेवर धड रागावताही येत नव्हतं, कारण वेगळं निघणं त्यांनी स्वतः केलेलं होतं. तानबाजी भावापासून वेगळे झाले, तेव्हा त्या तरण्या होत्या. या घराण्यात एक रीत आहे. नवी चूल पेटायच्या आधी घरातली मोठी बाई चुलीवरच्या भिंतीला ओल्या हळदीचा पाच बोटांचा हात लावते, आणि मगच दूध उतू जाऊ देतात. सुमित्राबाईंच्या सासूने मात्र हात दिला नाही. "घर फोडून चूल मांडली," ती म्हणाली होती, "त्या चुलीवर माहा हात नाई." ती गेली तेव्हाही नाही म्हणूनच गेली. रीतीप्रमाणे ज्याने त्याने आपल्याच चुलीवर हात लावायचा नसतो, तेव्हा भिंत कोरीच राहिली. दर दिवाळीला सुमित्राबाई तिला चुना मारत आणि कोऱ्या जागेवर कॅलेंडर टांगत. पोरं झाली, लग्नं झाली, शेकडो पंगती उठल्या, पण एखादी खीर करपली की त्यांच्या मनात पहिल्यांदा यायचं, हात न लागलेली चूल आहे ही.

आता त्यांची पाळी आली होती. परवा वर दूध उतू जायचं होतं, आणि अजूनही त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मागितल्याशिवाय द्यायला आपण काय एवढ्या स्वस्त आहोत, असं त्यांनी स्वतःला दोन-तीनदा बजावलं. मग दुपारी रूपाली सेलूला, प्रफुल मालासाठी वर्ध्याला आणि तानबाजी दुकानात पेंगत असताना त्यांनी वाटीत हळद कालवली आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढल्या. मान गेला चुलीत, पण पोरीची चूल बिनहाताची नको.

शेगडीच्या वर, बरोबर मधोमध, त्यांनी हात उमटवला. मनातल्या मनात म्हणाल्या, शिजू दे, पुरू दे. डोळे भरून आले ते त्यांनी पदराने पुसले.

बघता बघता पिवळा हात लाल झाला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. हळदीला चुना भेटला की कुंकू होतं, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? सिमेंट म्हणजे चुन्याचाच भाऊ. पण बोटाने पुसून पाहिलं, तर रंग बोटाला लागेना. तो आत उतरला होता. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की ही काही चुन्याची भिंत नव्हे. हिला दिवाळीत कोणी रंग मारणार नव्हतं. या भिंतीचा एकेक तुकडा रूपालीने रंग बघून निवडलेला होता.

मग सुरू झाली ती फजिती. ओल्या फडक्याने काही होईना म्हणून त्यांनी साबण आणला. साबणाने हात आणखीच लालभडक झाला. तेव्हा त्यांना आठवली चिंच. पितळेची पूजेची भांडी जिने आयुष्यभर लख्ख केली, ती चिंच काय भिंतीला हरणार? कोळ लावून घासलं, तर लाल रंग खरोखर पिवळा पडला. सुमित्राबाई खूश झाल्या. पाणी मारून धुतलं, तर पुन्हा लाल. वर चिंचेने तेवढ्या जागेची चकाकी खाऊन टाकली. तळव्याचा भाग फासटला, बोटं अर्धवट राहिली, आणि आशीर्वादाच्या जागी एक डाग तेवढा उरला. कोळाची वाटी पदराखाली घेऊन त्या खाली आल्या आणि देवासमोर जाऊन बसल्या, पण हात जोडायचं त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी रूपाली वर गेली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती कणीक मळायला बसली, आणि सुमित्राबाई भाजी चिरत राहिल्या. उद्या सांगू, त्यांनी ठरवलं. ज्याला सांगायचं नसतं तो असंच ठरवतो.

सकाळी हिंगणीचा राकेश मिस्त्री आला. भिंत त्यानेच बसवली होती, त्यानेच घोटली होती, आणि आज तिच्यावर लेप मारायचा होता. असल्या फरशीला बारीक छिद्रं असतात. लेप बसेपर्यंत ती तेल, हळद, काय मिळेल ते पिते. लेप बसला की मग डाग आत जात नाही.

सुमित्राबाई जिन्यात पोचल्या आणि तिथेच थबकल्या. वरून रूपालीचा आवाज येत होता.

"राकेशभाऊ, हे काय हाय? खर्रा खाऊन भितीवर थुंकले तुमी?"

"म्या? नाई ताई."

"मंग कोण? घरात दुसरं कोणी खर्रा खात नाई. काल सकाळपर्यंत तुमचेच लोकं होते वर."

"खर्रा खातो, खोटं नाई बोलत," राकेश म्हणाला. "पण ताई, ही भीत म्या हातानं घोटली. आपल्याच कामावर कोणी थुंकते काय?"

"सोड ना रूपाली," प्रफुल म्हणाला.

"काऊन सोडू? एक जागा मागतली होती मी माह्यासाठी. एक भीत."

ते 'एक भीत' सुमित्राबाईंना लागलं. अशी एक भिंत आपणही कधीकाळी मागितली होती, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? आणि परक्याच्या लेकराला आपल्या पापाची थुंकी चिकटत होती. त्या कठडा धरून उरलेल्या पायऱ्या चढल्या. कोणाशी काही न बोलता शेगडीजवळ गेल्या आणि डागावर आपला उजवा हात ठेवला. पाच बोटं पाच बोटांवर बसली.

राकेशने मान खाली घातली.

"याले बोलू नोको," सुमित्राबाई म्हणाल्या. "मीच लावला. मंग पुसाले गेली, अन् तेही धड जमलं नाई."

"तुमी?" रूपाली म्हणाली. "आई, पण काऊन?"

"हात न लागलेल्या चुलीवर म्या जनम काढला. तुह्यावर तशी पाळी कायले येऊ देऊ?"

"पण तुमाले माईत होतं... आमी वेगळे निंगून राह्यलो म्हून?"

"मले काय डोळे नाई काय? दुसरा तिखटमिठाचा डबा आणला तवाच समजलं."

रूपालीने प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल खिडकीबाहेर पाहू लागला.

"यायनं मले हे सगळं सांगतलं होतं," रूपाली हळू आवाजात म्हणाली. "रीत सांगतली, आजीचंही सांगतलं. मी म्हटलं, आईले विचारू. तं म्हणे, नोको विचारू, माय हात देणार नाई. आजीनं नाई दिला, माय कुठून देईन. म्हून मी मागतलाच नाई."

"विचारून तं पाह्यचं होतं," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. इतक्या दिवसांचं ते रडू होतं, त्यामुळे कोणी थांबवायलाही गेलं नाही. रूपाली नुसती त्यांच्या बाजूला उभी राहिली.

जरा वेळाने राकेशने खोकून घसा साफ केला. "ताई, एवढी जागा घोटून देऊ काय? वरचा थर निंगला की डाग जाते. माईतही पडणार नाई." त्याने घोटायचं मशीन उचललंही.

"ठेवा ते खाली," रूपाली म्हणाली. "घोटू नका. याच्यावरूनच लेप मारा."

"मंग हा डाग कधीच जाणार नाई ताई. आतच राहीन."

"हो. नाईच गेला पाह्यजे. अन् भाऊ, मघाशी बोलली त्याचं मनावर नका घेऊ."

राकेशने लेपाचा डबा उघडला. आधी बोटांवर, मग तळव्यावर, मग बाकीच्या भिंतीवर त्याने ब्रश फिरवला. ओल्या लेपाखाली लाल रंग गडद झाला, आणि फासटलेला असूनही हात कोणालाही ओळखू येईल असा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. चूल वेगळी व्हायची ती झालीच. त्यात काही फरक पडला नाही.

त्या दिवशी सुमित्राबाईंनी पहिल्यांदा खाली फक्त दोघांपुरता भात टाकायला घेतला. तांदूळ काढताना सवयीने हात पुढे गेला, आणि जास्तीचे तांदूळ त्यांनी परत पिंपात टाकले. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रूपाली दारात उभी होती, हातात हळदीची वाटी घेऊन.

"आई, एक विचारू काय? लहान्याचा हात चालते काय चुलीवर?"

सुमित्राबाईंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्या आपल्या चुलीवरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहात राहिल्या.

"चालते का नाई, मले माईत नाई," त्या म्हणाल्या. "असं कोणी कधी विचारलंच नाई. पण ही चुन्याची भीत हाय माय. दिवाळीले पुसून जाईन."

"जाऊ द्या. दिवाळीले परत येईन लावाले."

सुमित्राबाईंनी तांदळाचा डबा खाली ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बाजूला सरकून तिला जागा दिली.